ट्रॅक्टरची बॅटरी उतरली तर: उसाच्या हंगामात उपयोगी पडेल अशी सगळी माहिती

उसाचा हंगाम लागला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, रायबाग, अथणी या पट्ट्यात ट्रॅक्टरला दिवस-रात्र राहत नाही. फडातून दोन ट्रॉल्या भरून निघायचं, कारखान्याच्या यार्डात रांगेत उभं राहायचं, रांग सरकली की चालू करून दहा-वीस हात पुढं जायचं आणि डिझेल वाचवायला परत बंद करायचं. असं रात्रभर चालतं. प्रत्येक वेळी सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, बॅटरीतून भरपूर वीज खेचतो आणि इंजिन दोन मिनिटंच चालत असल्यामुळं तेवढी वीज परत भरत नाही. त्यात पुढचे लाईट आणि डेक चालूच. मग पहाटेच्या गारठ्यात नंबर लागतो, मागचे ड्रायव्हर हॉर्न मारायला लागतात आणि चावी फिरवली की नुसतं 'टक टक टक' होतं.

अशा वेळी घाईनं तीन गोष्टी होतात. कुणी पाना घेऊन सेल्फवरच ठिणगी पाडतो, कुणी मिळेल त्या वायरनं शेजारच्या गाडीची बॅटरी जोडतो, आणि कुणी दुसऱ्या दिवशी सरळ नवी बॅटरी घेऊन येतो. पहिल्यानं जीव जाऊ शकतो, दुसऱ्यानं अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) जळू शकतो आणि तिसऱ्यानं विनाकारण पैसे जातात. माझं ठाम मत आहे की बॅटरीवर सगळ्यात शेवटी ठपका ठेवावा. त्याआधी तपासण्यासारख्या चार-पाच जागा आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना १३ नंबरचा पाना, थोडं गरम पाणी आणि दहा मिनिटं एवढंच लागतं.

हात लावायच्या आधी

गिअर न्यूट्रल करा, पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा दांडा) बंद करा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकाला दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावा. भरलेली ट्रॉली मागं असेल तर ट्रॉलीच्या चाकालाही लावा. रात्री रस्त्यावर बंद पडला असाल तर आधी मागच्या गाड्यांना दिसेल अशी सोय करा. रिफ्लेक्टरचा त्रिकोण बराच मागं ठेवा आणि एक माणूस टॉर्च घेऊन रस्त्याच्या कडेला उभा करा. बॅटरी उतरलेल्या ट्रॅक्टरचे मागचे लाईटही मंदावलेले असतात. अंधारात उभी उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. काम झालं की चाकाचे दगड रस्त्यातून उचलून कडेला टाका. तो दगड तसाच राहिला तर आपण गेल्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी जीव घेतो.

बिडी विझवा. निपाणीच्या तंबाखूच्या मुलखात हे सांगणं थोडं अवघड आहे, पण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. बॅटरी फुटली की त्यातलं ॲसिड तोंडावर येतं. पाणी किती आहे बघायला काडी पेटवून झाकणात डोकावणं तर कधीच नको, टॉर्च वापरा. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर साध्या पाण्यानं धूत राहा. डोळ्यात गेलं तर किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि मग थेट डॉक्टरकडं जा.

आता पाना लावून सेल्फ फिरवण्याबद्दल. याबद्दल सविस्तर बोलायलाच हवं, कारण गावोगावी हे चालतं आणि बघून बघून पोरंही शिकतात. सेल्फच्या सोलेनॉइडवर (चावी फिरवली की सेल्फला वीज जोडणारा स्विच) दोन टर्मिनल असतात, त्यांवर पाना किंवा मोठा स्क्रू ड्रायव्हर आडवा धरला की सेल्फ फिरतो. चावीतून किंवा क्लच दाबल्यावर जो सुरक्षेचा स्विच लागतो, तो या प्रकारात पूर्ण बाजूला राहतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन पकडतं त्याच क्षणी ट्रॅक्टर चालायला लागतो. हे करणारा माणूस खाली, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधोमध, सेल्फवर वाकलेला असतो. मागचं मोठं चाक सरळ त्याच्या अंगावर येतं आणि बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. "अण्णा, न्यूट्रलच हाय की," असं सांगणाऱ्याचा गिअर खरंच न्यूट्रल असेल याची खात्री खाली उभं राहून देता येत नाही. सेल्फ नेहमी सीटवर बसून, क्लच दाबून, चावीनंच मारा. चावीनं होत नसेल तर का होत नाही ते शोधा.

चावी फिरवून ऐका आणि बघा

हेडलाईट लावा, मग सीटवर बसून क्लच दाबून चावी फिरवा आणि लाईटकडं कुणाला तरी बघायला सांगा.

लाईट लावल्यापासूनच पिवळा, मंद असेल आणि चावीला झपकन विझत असेल, तर बॅटरीत वीज कमी आहे किंवा टर्मिनल सैल आहे. भराभर 'टक टक टक' आवाज येतो तोही याच दोन कारणांनी. लाईट झकास आहे, चावीला एकच जाड 'टक्' येतो आणि लाईट तसाच राहतो, तर बॅटरी बहुतेक ठीक आहे. सोलेनॉइड किंवा सेल्फकडं बघा. लाईट झकास आणि आवाजच नाही, तर फ्यूज, चावीचा स्विच, क्लचचा सुरक्षा स्विच किंवा सोलेनॉइडची बारीक वायर निसटलेली असणार. पुष्कळ मॉडेलांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय किंवा पीटीओचा दांडा बंद केल्याशिवाय सेल्फ फिरतच नाही. घाबरलेल्या माणसाच्या हे लक्षात येत नाही.

सेल्फ चांगला जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर तो डिझेलचा प्रश्न आहे: टाकी रिकामी, लाईनमध्ये हवा, किंवा इंजिन बंद करायचा स्टॉप नॉब ओढलेलाच राहिलाय. तिथं सेल्फ मारत राहिलात तर चांगली बॅटरीही उतरेल. सलग दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका आणि दोन वेळांच्या मध्ये अर्धं-एक मिनिट थांबा.

सेल्फ हळूहळू, जड फिरतोय, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं, त्यामुळं इंजिन ठराविक वेगानं फिरलंच पाहिजे. डिसेंबरच्या थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर कमी होतो आणि हवाही गार असते. म्हणून दुपारी पहिल्या सेल्फला चालू होणारा ट्रॅक्टर पहाटे रुसतो.

टर्मिनल: निम्म्या तक्रारी इथंच संपतात

बॅटरीवरचं कव्हर काढा. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली आहे का बघा. मग दोन्ही क्लॅम्प हातानं हलवून बघा. हातानं हललेला क्लॅम्प म्हणजे सैल क्लॅम्प, तो पान्यानं आवळा आणि परत चावी फिरवून बघा.

एवढ्याशा भुकटीनं काय होतं असं वाटेल, म्हणून हिशोब सांगतो. सेल्फ फिरताना बॅटरीतून काही शे अँपिअर जातात. ३०० धरा. टर्मिनलच्या सांध्यात एका ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असला तरी ३ व्होल्ट तिथंच खर्ची पडतात. १२ मधले ३ गेले की सेल्फ काय फिरणार? ती वीज सांध्यातच उष्णता होऊन जाते, म्हणून एक सोपी परीक्षा आहे. पाच-सहा सेकंद सेल्फ मारायचा, चावी बंद करायची आणि दोन्ही क्लॅम्प, अर्थ वायरचं बॉडीकडचं टोक आणि सोलेनॉइडचा मोठा बोल्ट यांच्याजवळ हाताची पाठ न्यायची. जिथं ऊब लागते तो सांधा खराब. त्यासाठी मीटरही लागत नाही.

अर्थ वायर लोक विसरतात. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन किंवा चेसिसला गेलेली ती जाड वायर किंवा विणलेली पट्टी चिखलात, पाण्यात असते. खानापूर भागात भाताच्या चिखलणीला रोटाव्हेटर घेऊन उतरलेल्या ट्रॅक्टरची अर्थ पट्टी पावसाळ्यानंतर उघडून बघा, बोल्टखाली गंज दिसेल. घासून लखलखीत करा आणि परत आवळा.

टर्मिनल साफ करायची रीत अशी. आधी काळा, म्हणजे निगेटिव्ह क्लॅम्प काढा, मग लाल. बसवताना उलट: आधी लाल, शेवटी काळा. यामागं साधं कारण आहे. निगेटिव्ह जोडलेला असताना लाल काढायला गेलात आणि पाना ट्रॅक्टरच्या बॉडीला टेकला, तर पान्यातून थेट शॉर्ट होतो, पाना लालबुंद होऊन चिकटतो आणि ठिणग्या उडतात. निगेटिव्ह आधी सुटलेला असेल तर पाना टेकूनही काही होत नाही. हातातली अंगठी, कडं आणि गळ्यातली साखळी या कामाला आधी काढून ठेवा.

क्लॅम्प निघाले की बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना बघा, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून भुकटीवर ओता. फसफसून ॲसिड मारलं जातं. जुन्या ब्रशनं घासा, साध्या पाण्यानं धुवा आणि कोरडं करा. मग टर्मिनल आणि क्लॅम्पचा आतला भाग पॉलिश पेपरनं शिसं चमकेपर्यंत घासा. क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा पातळ हात मारा. आधी ग्रीस लावून मग क्लॅम्प बसवू नका. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत एक थेंबही जाता कामा नये.

मीटर लावून बघा

साधा डिजिटल मल्टिमीटर ट्रॅक्टरच्या डब्यात असावाच. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक पॉझिटिव्हला, काळं निगेटिव्हला. नुकताच ट्रॅक्टर चालला असेल तर आकडा फुगलेला दिसतो, म्हणून दोन मिनिटं हेडलाईट लावून बंद करा आणि मग मोजा.

१२.६ किंवा वर म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव आणि ११.८ च्या खाली म्हणजे संपली. १२ चा आकडा बघून "बारा व्होल्ट हाय की बरोबर" म्हणणारे खूप भेटतात. १२ म्हणजे जवळजवळ रिकामी.

मग एकानं सेल्फ मारायचा आणि दुसऱ्यानं मीटर बघायचा. सेल्फ फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली पडत असेल तर बॅटरी अर्धवट भरलेली आहे किंवा म्हातारी झाली आहे. याच वेळी आणखी एक मोजणी होते: मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा. सेल्फ फिरताना इथं ०.२–०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ वायर खराब आहे, बॅटरी नव्हे.

दुसऱ्या गाडीवरून चालू करताना

पहिली अट: समोरची गाडीही १२ व्होल्टचीच हवी. दुसरा ट्रॅक्टर, जीप, पिकअप, कार चालते. कारखान्याच्या यार्डात शेजारी उभा असलेला मोठा ट्रक चालत नाही. त्याच्यात दोन बॅटऱ्या एकाला एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ते २४ आपल्या ट्रॅक्टरला गेले की लाईट, अल्टरनेटर, मीटर काहीही जळू शकतं आणि बॅटरी फुटूही शकते. ट्रकच्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेऊ म्हणणारे असतात. दुसरी गाडी मिळत असेल तर त्या भानगडीत पडूच नका.

दुसरी अट केबलची. पंपाची केबल कापून जंपर करणं आपल्याकडं सर्रास चालतं. ती चार-सहा चौरस मिलिमीटरची तार मोटरसाठी ठीक आहे, सेल्फच्या शेकडो अँपिअरपुढं ती तापून वितळते. तांब्याची, १६ ते २५ चौरस मिलिमीटरची, जाड चिमट्यांची केबल घ्या आणि एका रांगेतल्या चार जणांनी मिळून घेतली तरी चालेल.

दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. दोन्ही बंद, लाईट आणि डेक बंद. उतरलेल्या बॅटरीचा फुगवटा, तडा, गळती बघा. काही दिसलं तर जंपर लावायचाच नाही. मग क्रम असा:

१. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
२. लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
३. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला.
४. काळ्याचं शेवटचं टोक बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनवरच्या एखाद्या उघड्या बोल्टला, बॅटरीपासून लांब.

शेवटचा चिमटा लागताना ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असतो, म्हणून तो लांब लावायचा. आता चांगली गाडी चालू करून थोडं रेसवर पाच-दहा मिनिटं ठेवा. एवढ्यात उतरलेल्या बॅटरीत थोडी भर पडते आणि केबलवरचा ताण कमी होतो. मग ट्रॅक्टर चालू करा. चालू झाला की बरोबर उलट्या क्रमानं काढा: आधी इंजिनवरचा काळा, मग चांगल्या बॅटरीचा काळा, मग दोन्ही लाल. काढताना चिमटे एकमेकांना लागू देऊ नका.

काही जण शेजाऱ्याची बॅटरी लावून ट्रॅक्टर चालू करतात आणि इंजिन चालू असतानाच ती काढून आपली बसवतात. अल्टरनेटरच्या ट्रॅक्टरला हे कधीच करू नका. चालत्या अल्टरनेटरची बॅटरी सोडली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर जातात. बॅटरी वाचवायला गेलेला माणूस अल्टरनेटरच्या खर्चात पडतो.

जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांपैकी पुष्कळांत इंजिनचा कारभार संगणक बघतो. अशा ट्रॅक्टरला जंपर लावायच्या आधी त्याच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा.

उतारावर लावून किंवा ओढून

जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला चढ-उताराला तोटा नाही. तिथं रात्री ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवायची सवयच असते. साध्या डिझेल ट्रॅक्टरला ही युक्ती लागू पडते, पण मागं काहीही जोडलेलं नसेल तरच. भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर क्लच सोडणं म्हणजे ट्रॉलीनं ट्रॅक्टरला ढकलत नेणं आहे.

उतार सरळ, मोकळा आणि पुढं सपाटीला लागणारा हवा. चावी चालू ठेवा, कारण काही मॉडेलांत चावीशिवाय डिझेल पुढं जात नाही. स्टॉप नॉब आत, वरचा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच हळू सोडा आणि इंजिन पकडलं की लगेच परत दाबा. पहिला गिअर घालू नका, चाकं घसटतात. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, हे आधीच मनात धरा.

दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचं असेल तर ओढणाऱ्यानं साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावायची. टॉप लिंकच्या जागी, उंचावर लावली तर ओढणारा ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागं उलटू शकतो. साखळी ताणलेली असताना आजूबाजूला कुणी उभं राहू नये, विशेषतः बघायला जमलेली पोरं. संगणकवाल्या ट्रॅक्टरला मेलेल्या बॅटरीवर हा उपाय चालत नाही. त्याला आधी वीज लागते.

चालू झाला, आता अल्टरनेटर बघा

इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीवर मीटर धरा. १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसलं पाहिजे. १३.२ च्या खाली असेल तर चार्जिंग होत नाही: आधी बेल्ट बघा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर बेल्ट साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. त्याहून सैल असेल तर घसरतोय. तेल लागलेला, गुळगुळीत झालेला बेल्ट आवळूनही घसरतो, तो बदला. बेल्ट ठीक असून आकडा कमी असेल तर अल्टरनेटर बेळगावच्या उद्यमबागेत किंवा जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं दाखवा. आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. त्याची दुसरी खूण म्हणजे बॅटरीचं पाणी पुन्हा पुन्हा आटतं आणि दिवे सारखे उडतात.

जंपरनं चालू झाल्यावर अर्ध्या तासात बॅटरी भरली असं समजू नका. पुष्कळ ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ३६ अँपिअरच्या आसपासचा असतो, आणि तेही पूर्ण रेसवर. रांगेत आयडलवर तो त्याहून खूप कमी देतो. आता खर्च बघा. दोन हेडलाईट मिळून ९ अँपिअर. ६०० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात ५० अँपिअर. म्हणजे कारखान्याच्या वाटेवर वाजणारा मोठा डेक एकटाच अल्टरनेटरपेक्षा जास्त खातो, आणि उरलेलं बॅटरीतून जातं. गाणी लावू नका असं मी म्हणणार नाही, रात्री जागं राहायला ड्रायव्हरला ती लागतात. पण रांगेत इंजिन बंद असताना डेक बंद ठेवा आणि ॲम्प्लिफायर बॅटरीला थेट न जोडता चावीवर चालणाऱ्या रिलेमधून आणि फ्यूज लावून जोडून घ्या. सौंदत्तीच्या डोंगरावर किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला ट्रॅक्टर घेऊन मुक्काम करणाऱ्यांना हे जास्तच लागू आहे. तिथं रात्रभराचे लाईट आणि सकाळचा सेल्फ एकाच बॅटरीवर असतात. रोषणाईला वेगळी जुनी बॅटरी न्या.

रात्री उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी आपोआप उतरत असेल तर कुठंतरी वीज गळतेय. चावी आणि सगळं बंद करा, निगेटिव्ह क्लॅम्प काढा आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून खुंटी आणि क्लॅम्पच्या मध्ये धरा. साध्या ट्रॅक्टरला आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा-एक अँपिअर दिसत असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाईनवर दोष आहे. बहुतेक वेळा तो नंतर जोडलेल्या डेकमध्ये किंवा एलईडी पट्ट्यांच्या जोडात सापडतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

घरी चार्ज करणं आणि पाणी

पूर्ण उतरलेली बॅटरी चार्जरवरच भरावी. तिच्यावर लिहिलेल्या अँपिअर-तासाच्या दहाव्या भागानं चार्ज करा: ८० ची असेल तर ८ अँपिअर. पूर्ण रिकामी असेल तर बारा-चौदा तास लागतात. भराभर चार्ज करून देतो म्हणणाऱ्याकडं देऊ नका, प्लेट वाकतात. चार्जर घरच्या सिंगल फेजवर लावा आणि लाईट गेली-आली तर तेवढे तास पुढं धरा. जागा हवेशीर हवी, चुलीजवळ किंवा देवघरातल्या समईजवळ नको. बॅटरी ट्रॅक्टरपासून सोडवलेली, झाकणं सैल केलेली. चिमटे लावून झाल्यावर चार्जरचं बटण चालू, आणि काढताना आधी बटण बंद. बॅटरी हाताला चटका लागेल इतकी तापली तर थांबवून गार होऊ द्या.

पाणी फक्त डिस्टिल्ड. विहिरीच्या, बोअरच्या, नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटवर बसतात आणि बॅटरी लवकर मरते. फिल्टरचं पिण्याचं पाणीही नको. पातळी प्लेटच्या वर साधारण १० ते १५ मिलिमीटर, किंवा डब्यावरच्या वरच्या खुणेपर्यंत. प्लेट उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगच्या आधी त्या बुडतील एवढंच घाला, बाकीचं चार्जिंग झाल्यावर. कमी पडलं म्हणून ॲसिड घालू नका. बॅटरीतून आटतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. सीलबंद बॅटरीला ही कटकट नसते, पण ती उघडायचीही नसते.

चार्ज करून काही तास ठेवल्यावर हायड्रोमीटरनं (ॲसिडची घनता मोजायची नळी) प्रत्येक खाना तपासा. भरलेल्या खान्याची घनता १.२६५ च्या आसपास, निम्म्याची १.१९०. सगळे खाने सारखेच कमी असतील तर चार्जिंग अपुरं आहे. एकच खाना बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं खाली असेल तर तो सेल गेला. मीटरवरही ते कळतं: रात्रभर चार्ज करूनही १०.५ च दिसतंय, म्हणजे सहापैकी एक सेल मेला. ही बॅटरी परत येत नाही, तिच्यात 'औषध' घालून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

नवी घ्यायचीच असेल तर

जुनीवरचा अँपिअर-तासाचा आकडा आणि पॉझिटिव्ह खुंटी डाव्या की उजव्या बाजूला आहे ते लिहून न्या. खुंटी उलटी असेल तर वायर पुरत नाही आणि घाईत उलटी जोडली तर अल्टरनेटरचे डायोड तत्काळ जातात. पॉझिटिव्ह खुंटी किंचित जाड असते, भुकटीत खूण दिसत नसेल तेव्हा ते कामाला येतं. बॅटरी बनल्याची तारीख बघा आणि वॉरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का घ्या. दुकानातच मीटर लावून १२.५ च्या वर असल्याची खात्री करा. जुनी बॅटरी त्याच दुकानात परत द्या, तिची किंमत वजा होते. गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला दिली तर तो ॲसिड ओढ्यात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतो. तेच पाणी आपली जनावरं पितात.

बसवल्यावर बॅटरीची पकडपट्टी आवळायला विसरू नका. फडातल्या सऱ्यांवरून जाताना सैल बॅटरी आपटत राहते आणि आतल्या प्लेट सुटतात. ट्रॅक्टरवर किंवा जोडलेल्या ट्रॉलीवर वेल्डिंग करायचं असेल तेव्हा आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवा. नव्या ट्रॅक्टरला संगणकाचाही सॉकेट काढायला सांगा.

हंगाम संपून ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहणार असेल, तर निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवा, बॅटरीचा वरचा भाग पुसून कोरडा करा आणि महिन्यातून एकदा मीटर लावा. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. रिकामी बॅटरी महिनोन्महिने पडून राहिली तर प्लेटवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती पूर्ण भरत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा नुसतं पाच मिनिटं चालू करून बंद करणं फायद्याचं नाही, तेवढ्यात बॅटरीत फारशी भर पडत नाही. चालवायचाच असेल तर अर्धा-पाऊण तास कामाला न्या. आणि दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन पूजेला लावाल, त्याच्या आदल्या दिवशी टर्मिनल, बेल्ट आणि अर्थ वायर या तीन गोष्टी बघून घ्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत ऊसतोडीची टोळी येते आणि मग पाना हातात घ्यायला उसंत मिळत नाही.